21 दिवसांचं गणित आता बास करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नवीन वर्ष लागलं नाहीतर कुठला तरी आरोग्य दिन आला की सगळ्या पेपरांच्या पुरवण्यांमधे तोच लेख येतो, फक्त फोटो बदलतो. लवकर उठा, रोज चाला, साखर कमी करा, झोप पुरेशी घ्या, आणि शेवटी ती ठरलेली ओळ, की फक्त 21 दिवस मन घट्ट करा, बाविसाव्या दिवशी सवय लागलेलीच असेल. माझं भांडण चालण्याशी नाही, या शेवटच्या ओळीशी आहे.

हा 21 चा आकडा आला कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते अमेरिकेत, त्यांना असं दिसलं की ऑपरेशननंतर पेशंटला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला कमीत कमी 21 दिवस तरी जातात, आणि हे त्यांनी 1960 साली लिहून ठेवलं. पुढे सांगणाऱ्यांनी आधी चेहरा गाळला, मग 'कमीत कमी' पण गाळलं, आणि आकडा तेवढा धरून बसले.

प्रत्यक्ष मोजून बघितलं ते फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधे, 2010 मधे ते छापून आलं. 96 जण घेतले, प्रत्येकाने एकच छोटी गोष्ट निवडायची, जेवताना ग्लासभर पाणी पिणं वगैरे, आणि 12 आठवडे रोज लिहायचं की आज ती किती आपसूक झाली. मधला आकडा निघाला 66 दिवस, कुणाचं 18 दिवसात जमलं आणि एखाद्याचा, 12 आठवड्यांच्या नोंदींवरून पुढचा अंदाज बांधून काढलेला, हिशोब 254 पर्यंत गेला. पाणी पिण्यासारख्या गोष्टी लवकर बसल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते म्हणजे मधे एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडलं नाही!

आता विचार करा, 21 दिवसवाला लेख वाचून कुणीतरी चालायला लागतो, पंचविसाव्या दिवशी पण अंथरुणातून उठायला तेवढंच जिवावर येतं, तेव्हा त्याला काय वाटणार? आकडा चुकीचा असेल असं नाही वाटत हो कुणाला, आपल्यातच दम नाही असं वाटतं आणि तो सोडून देतो. त्यात घरचे आहेतच, "वाटलंच होतं" म्हणायला.

मुळात हे सगळं मनोबलाच्या खात्यावर टाकायची आपल्याला सवयच लागलीय (ती मात्र 21 दिवसांच्या आत लागली असेल). मग गोळीचं काय करायचं? बीपीची एक गोळी गिळायला कुठलं आलंय मनोबल, पाच सेकंदाचं काम, डॉक्टरांनी बजावून सांगितलेलं, तरी जागतिक आरोग्य संघटनेने 2003 च्या अहवालात लिहिलंय की जुनाट आजारांचे पेशंट औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात का हे बघितलं तर विकसित देशांतसुद्धा प्रमाण सरासरी 50 टक्केच भरतं. माहिती आहे, इच्छा आहे, गोळी घरात आहे, पण ती कपाटाच्या वरच्या खणात फायलींच्या मागे आहे आणि सकाळी त्या खणाकडे कुणाचा हात जात नाही. तीच पट्टी टूथब्रशच्या शेजारी ठेवली तर निम्मं काम झालं.

जागा आणि हात किती काम करतात याचा एक मजेशीर प्रयोग 2011 साली आला. थिएटरमधे लोकांना पॉपकॉर्न दिले, काहींना ताजे, काहींना आठवडाभर जुने. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती त्यांनी शिळे पण ताज्याइतकेच संपवले, आवडत नसताना! तेच पुढे नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं तर शिळे खाणं कमी झालं. चव, अक्कल, निश्चय कशानेच थांबले नाहीत, हात बदलल्यावर थांबले.

वेळेचं तर कुणी बोलतच नाही. आठवड्याला निदान 150 मिनिटं व्यायाम म्हणे, बरोबरच आहे, पण ज्याची ड्युटी दर आठवड्याला बदलते, किंवा जिच्या घरात तान्हं मूल आणि अंथरुणाला खिळलेलं माणूस दोन्ही आहे, तिच्या दिवसात रोज ठराविक वेळी येणारा रिकामा वेळ कुठून आणायचा? आणि सवय तर रोज त्याच वेळी, त्याच जागी केली की लवकर बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्याच 2022 च्या आकड्यांप्रमाणे जगातली 31 टक्के प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नाहीत, म्हणजे जवळपास 180 कोटी. एवढे सगळे काय आळशी निघाले?

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी दाखवलंय की नुसतं 'व्यायाम करायचाय' म्हणण्यापेक्षा 'अमुक झालं की तमुक करायचं' असं आधीच बांधून ठेवलं की ते होण्याची शक्यता वाढते. म्हणजे 'रोज चालीन' हे काही ठरवणं नव्हे. 'कामावरून आलो की बॅग दाराशी ठेवायची, खुर्चीत टेकायचं नाही, बूट न काढता तसंच दहा मिनिटं खाली चालून यायचं' हे ठरवणं झालं. एकदा मोबाईल घेऊन टेकलात की संपलं, त्याचा आनंद आत्ता मिळतो आणि चालण्याचा फायदा कधीतरी दहा वर्षांनी, तो पण दिसत नाही कारण न आलेला हार्ट अटॅक कुणाला कसा दिसणार?

तेव्हा संपादकसाहेब, पुढच्या पुरवणीत दहा सवयींची यादी न देता एकच द्या, पण ती नीट द्या, कशानंतर करायची, वस्तू कुठे ठेवायची, शिफ्टवाल्याने काय करायचं ते सगळं लिहा. आणि मधे चार दिवस आजारपणात किंवा प्रवासात गेले तर पाचव्या दिवशी परत कुठून सुरू करायचं हे पण लिहा, कारण मी आजवर वाचलेल्या एकाही लेखात ते नव्हतं.

आपला,
पुरवणी शेवटपर्यंत वाचणारा एक वाचक