चिंतेची प्रश्नावली कोल्हापूरच्या बोलीत तपासून घ्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात प्रयाग चिखलीच्या माझ्या मावशीला मी एका आरोग्य शिबिरात नेले होते. तिथे तिच्याकडून सात प्रश्नांचा मराठी कागद भरून घेतला गेला. ‘मागील दोन आठवड्यांत आपणास किती वेळा चिंताग्रस्त वाटले?’ या पहिल्याच प्रश्नावर मावशी म्हणाली, “चिंता कसली, पोरं मार्गाला लागल्यात.” तिथल्या ताईंनी शून्यावर खूण केली. बाहेर रिक्षाची वाट पाहताना तीच मावशी मला सांगत होती, “रात्रभर काळीज लकलक करतंय बघ, जीव थाऱ्यावर न्हाई.”

तो कागद म्हणजे ‘जीएडी-७’ ही चिंतेचा आजार ओळखण्यासाठीची प्रश्नावली; ती २००६ मध्ये अमेरिकेत इंग्रजीतून तयार झाली. तिचे एकूण गुण ० ते २१ असतात आणि १० किंवा त्याहून अधिक गुण मिळाल्यास तज्ज्ञाकडून पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे. मूळ अभ्यासात या मर्यादेने आजार असलेल्या शंभरांतील सुमारे ८९ जण ओळखले गेले आणि आजार नसलेल्या शंभरांतील सुमारे ८२ जण योग्य रीतीने वगळले गेले. मात्र ही आकडेवारी तिथल्या दवाखान्यांत आलेल्या रुग्णांची आहे. भाषा आणि माणसे बदलल्यावर १० हीच मर्यादा बरोबर ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

दुसऱ्या एखाद्या भाषेत, उदाहरणार्थ सर्बियन भाषकांसाठी, अशी प्रश्नावली पडताळायची तर काय काय पाहावे लागते, याचा विचार करताना मला आपलीच अडचण स्पष्ट दिसू लागली. त्या भाषेतील ‘नर्वोझन’ हा शब्द इंग्रजी ‘नर्व्हस’चा सख्खा भाऊ वाटला, तरी रोजच्या बोलण्यात तो चिडचिडेपणासाठीही वापरला जातो. आपल्याकडचा ‘नर्व्हस’ तर बहुधा हिरमुसलेला असतो. सर्बियनमध्ये ‘वाटणे’ या अर्थाचे भूतकाळी क्रियापद पुरुषासाठी ‘ओसेचाओ’ आणि स्त्रीसाठी ‘ओसेचाला’ असे बदलते. छापील मराठीतही ‘घाबरलो/घाबरले’ असे दोन पर्याय द्यावे लागतात. पण आमच्याकडच्या कितीतरी बायका ‘मी आलो, मी घाबरलो’ असेच बोलतात, आणि पुस्तकी ‘घाबरले’ वाचून दाखवले की प्रश्न दुसऱ्याच कुणाला विचारल्यासारखा त्यांना वाटतो.

शेवटचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो. काहीतरी भयंकर घडेल अशी भीती वाटली का, असे तो विचारतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली, की २०१९ चा महापूर पाहिलेली माझी मावशी धान्याची पोती माळ्यावर चढवते आणि दाराशी जागत बसते. ही भीती आजाराची की शहाणपणाची, हे केवळ गुणांवरून ठरणार नाही. जुलैत आणि जानेवारीत तीच प्रश्नावली तिच्याकडून भरून घेतली, तर उत्तरे निराळी येतील. म्हणजे पहिल्या प्रश्नात खरा त्रास निसटतो आणि सातव्यात रास्त धास्तीही आजारात मोजली जाऊ शकते.

मराठी भाषांतर हाताशी असणे आणि ते पडताळलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करावे, मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्याने ते उलट इंग्रजीत आणावे, मग गडहिंग्लज, शाहूवाडी, गगनबावड्याच्या लोकांसमोर एकेक प्रश्न वाचून ‘यातून तुम्हाला काय समजले?’ असे विचारावे. त्यानंतर पुरेशा लोकांकडून ती भरून घेऊन, त्याच लोकांची मनोविकारतज्ज्ञाने गुण न पाहता मुलाखत घ्यावी आणि मर्यादा कोणत्या आकड्यावर ठेवायची ते त्या ताळ्यावरून ठरवावे. यात वेळ जाईल हे खरे. पण प्रश्नावली वापरण्यास कुणाची परवानगी वा शुल्क लागत नाही, त्यामुळे खर्च मुख्यतः माणसांच्या श्रमाचाच आहे.

शिवाजी विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग आणि येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून हे काम हाती घ्यावे, आणि तोवर शिबिरांमध्ये शून्य गुण मिळालेल्या माणसालाही ‘रात्री झोप लागते का, जीव घाबरतो का?’ एवढे तोंडी जरूर विचारले जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर