बाई, तुम्ही आधी मला झोपू दिलंत

आदरणीय बाई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. पण घरी आजाऱ्याचं करून उपासनेला येणारी, मागच्या बाकावर पेंगणारी माणसं मला आता ओळखू येतात. म्हणून जाहीर लिहिते.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तशी माझी नोकरी सुटली. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी सरकवायची, पाठीवर कुठे लाली तर नाही ना ते बघायचं. चादर ओली झाली की त्यांना एका अंगावर वळवून ती गुंडाळत गुंडाळत काढायची. रात्रीही तेच. चर्चच्या मंडळीतलं कोणी म्हणायचं, "देवाने तुला केवढी मोठी सेवा दिलीय!" ऐकून अंगावर काटा यायचा, आणि तो भक्तीचा नव्हे. ज्यांना हे बोलायला सुचतं त्यांना चादर बदलायला यायचं कसं सुचत नाही, असं माझं मत होतं. अजूनही आहे.

तुम्ही आलात आणि विचारलंत, "दुपारचं औषध कितीला?" मग म्हणालात, "जा, झोप. मी बसते." प्रार्थनासुद्धा केली नाहीत. निदान मोठ्याने तरी नाही.

मी उठल्यावर तुम्ही बायबलमधला १ राजे १९ हा अध्याय काढलात. कर्मेल डोंगरावरचा मोठा विजय मागच्याच अध्यायातला, आणि इथे तोच संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवदूत त्याला खडसावत नाही. भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला लावतो. पुढच्या कामाची आज्ञा होते ती चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोहोचल्यावर. "उमेद नाही म्हणजे विश्वास नाही, असं कोणी सांगितलं तुला?" तुम्ही म्हणालात. उमेद देणारे संदेश मी ढिगाने ऐकले होते. त्यातला हा क्रम कोणी दाखवला नव्हता.

दुसरं देणं कलस्सैकरांस पत्रातलं. "जे काही तुम्ही करता ते... प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा," हे ३:२३ मला संडे स्कूलपासून पाठ. तुम्ही फक्त एक वचन मागे जायला लावलंत. पत्र लिहिणारा प्रेषित पौल बोलतोय ते दासांशी. काम त्यांनी निवडलेलं नव्हतं, त्यात नाव मिळणार नव्हतं, सोडून जायची सोय नव्हती. आणि वारशाचं वचन दिलंय ते त्यांनाच. देवाने माझ्यासाठी काय योजलंय, हे मी नेहमी या खोलीच्या बाहेर शोधत होते. सासूबाईंचं आजारपण संपल्यावर ते सुरू होईल असं धरून चालले होते.

मी लगेच वाद घातला, की मग हे वचन राबवून घेणाऱ्यांच्या सोयीचंच झालं! तुम्ही शांतपणे ४:१ वर बोट ठेवलंत: धन्यांनो, दासांशी न्यायाने आणि समतेने वागा, तुम्हांलाही स्वर्गात धनी आहे. संध्याकाळी मी ते घरात सगळ्यांसमोर वाचलं. तेव्हापासून पहाटेची कूस आमच्या ह्यांच्याकडे आहे.

काम आवडायला लागलं म्हणाल तर नाही. तुम्हीच सांगितलं होतंत ना, सतराव्या शतकात पॅरिसच्या मठात मुदपाकखाना सांभाळणाऱ्या ब्रदर लॉरेन्सनाही त्या कामाचा मुळात तिटकारा होता, तरी तिथेच ते देवाशी बोलत राहिले. मीही बोलते. कधी कधी तक्रारच असते. स्तोत्रकर्त्यांनी तरी दुसरं काय केलं?

मार्थेवरून मात्र आपलं जमत नाही. लूक १० मध्ये येशू घरी आलेला असताना ती पाहुणचाराच्या कामात गुंतली आणि तिला बोलणी बसली, हे तुमचं खरं. पण योहान ११:२७ मध्ये "तू देवाचा पुत्र ख्रिस्त आहेस" असं ठामपणे म्हणणारी तीच आहे. आणि पुढच्या अध्यायात, तिचा भाऊ लाजर मेलेल्यांतून उठल्यावरच्या जेवणाला, ती पुन्हा वाढतेच आहे. तिथे प्रभू तिला काही बोलत नाही. यावर तुमचं उत्तर अजून यायचंय. गुरुवारी या. सासूबाईही विचारत होत्या, आणि या खेपेला मी झोपणार नाही.

तुमची,
मागच्या बाकावरची