समुपदेशकाचं काम ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून वाटू नका, साहेब

प्रति,
मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

साहेब, नमस्कार.

मी मानसशास्त्र शिकवते. ऑर्डरवर ‘तासिका तत्त्वावरील सहायक प्राध्यापक’ असं लिहिलंय, आम्ही आपलं सीएचबी म्हणतो, क्लॉक अवर बेसिस, जेवढे तास तेवढे पैसे. प्राध्यापकीची नेट परीक्षा पास झालेय, समुपदेशन मानसशास्त्रात पीएचडी झालीय, पेपर छापून आलेत, आणि तरी दरवर्षी जूनमध्ये फाईल काखेत मारून मुलाखतीच्या रांगेत उभी असते. पण हे सीएचबीचं रडगाणं नाहीये, ते तुमच्यापर्यंत भरपूर वेळा पोचलंय आणि त्यावर मोर्चेही निघालेत. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय, कॉलेजातल्या समुपदेशकाच्या पदाबद्दल.

२५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सुकदेब साहा खटल्यात निकाल दिला. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीचा मृत्यू झाला होता, तिच्या वडिलांची केस. त्यात कोर्टाने सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षण संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर हवाच. महाराष्ट्रातल्या बहुतेक कॉलेजांचा पट १०० च्या वर आहे, म्हणजे हे बहुतेकांना लागू. आणि आपल्याला तर आधी लागू व्हायला हवं, कारण एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, २०२२ च्या आकड्यात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत आणि राज्यांच्या यादीत आपण सगळ्यात वर आहोत.

आता माझी भीती सांगते. जीआर निघेल, सहसंचालक कार्यालयातून परिपत्रक येईल, प्राचार्य मीटिंग घेतील, आणि मानसशास्त्राच्या मॅडमकडे बघून म्हणतील, ‘तुम्हीच बघा आता हे.’ जिथे मानसशास्त्र विभागच नाही तिथे मराठीचे सर किंवा एनएसएसवाले सर. झाली नेमणूक. पगार नाही, खोली नाही, वर्कलोडमध्ये एक तास कमी नाही, फक्त दारावर एक पाटी.

पाटीचा अनुभव आहे मला. एका कॉलेजात (नाव नको) नॅकची, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची, तपासणी टीम यायच्या आदल्या आठवड्यात समुपदेशन कक्ष उभा राहिला, खेळाचं सामान ठेवायच्या खोलीत. कॅरमबोर्ड भिंतीला टेकवले, दोन खुर्च्या, एक फ्लेक्स, प्लास्टिकची फुलं. रजिस्टर दिलं आणि त्यात सही करायला लावायची म्हणाले, नाव, वर्ग, रोल नंबर, ‘समस्येचे स्वरूप’. मी म्हटलं, अहो असं रजिस्टर उघडं ठेवलं तर कोण येईल? तर म्हणे मॅडम, पुरावा लागतो. टीम गेली, कॅरमबोर्ड परत आडवे झाले.

पण खोलीपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे, आणि ती आमच्या विषयात एमएच्या पोरांनाही पहिल्या सेमिस्टरला शिकवतात. जी बाई वर्गात शिकवते, हजेरी घेते, इंटर्नलचे मार्क टाकते, तिच्यासमोर मुलगा मन मोकळं करत नाही. का करेल? माझ्याकडे एक मुलगी तीन वेळा आली आणि तिन्ही वेळा ‘अभ्यासात लक्ष लागत नाही मॅडम’ एवढंच बोलून गेली. वर्ष संपलं, रिझल्ट लागला, मी त्या कॉलेजातून सुटले, तेव्हा तिने फोन करून दोन तास खरं काय ते सांगितलं. ते आधी का नाही सांगितलंस विचारलं तर म्हणाली, तुम्ही आणि आमचे एचओडी सर एकाच टेबलावर डबा खाता ना. एवढं साधं आहे बघा हे. आम्ही त्याला दुहेरी नातं म्हणतो आणि त्यावर पानंच्या पानं लिहितो, तिने ते एका डब्यात बसवलं.

अमेरिकेत एडवर्ड बोर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडलं होतं की समुपदेशन कुठल्याही पद्धतीचं असो, ते चालतं तीन गोष्टींवर, दोघांचं ध्येय एक असणं, त्यासाठी काय करायचं यावर एकमत असणं, आणि दोघांमधलं नातं. त्यानंतर यावर ढीगभर संशोधन झालं आणि हे नातं किती घट्ट आहे त्यावर माणसाला किती फरक पडेल याचा बराच अंदाज येतो, हे पुन्हा पुन्हा दिसलं. म्हणजे अतिरिक्त कार्यभारात नेमकं तेच मोडतं ज्याच्यावर सगळा डोलारा उभा आहे.

तुम्ही विचाराल, हे समुपदेशन मानसशास्त्र म्हणजे नक्की काय. माझी मावशी अजून विचारते, डॉक्टर झालीस ना, मग झोपेची गोळी लिहून दे. ती नाही लिहीत आम्ही. गोळ्या लिहून देणारे सायकियाट्रिस्ट वेगळे, मानसिक आजारांवर काम करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट वेगळे. या क्लिनिकलवाल्यांची नोंदणी दिल्लीच्या भारतीय पुनर्वास परिषदेत होते आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्यांचं नाव आहे. आमचं त्यात नाही. २०२१ च्या अलाइड हेल्थकेअरच्या कायद्यात परिशिष्टात कुठेतरी ‘सायकॉलॉजिस्ट’ म्हणून आम्ही सापडतो, तेही कंसात ‘क्लिनिकल सोडून’. आमचं काम आजारापर्यंत न पोचलेल्या माणसाशी जास्त. करिअर, घर, लग्न, अपयश, परीक्षा. या विषयाचं मूळच व्यवसाय मार्गदर्शनात आहे, १९०८ साली बोस्टनला फ्रँक पार्सन्सने ऑफिस उघडलं, पोरांना कुठलं काम जमेल ते बसून बोलून ठरवायला. पुढे १९४२ मध्ये कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं पुस्तक आलं आणि सल्ला देण्यापेक्षा ऐकण्याला वजन आलं. आपल्याकडे कि. मो. फडके सरांनी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून त्यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठीत आणली, आज पुण्या-मुंबईतले कितीतरी समुपदेशक तीच वापरतात. म्हणजे मराठीत हे काम नवीन नाही, फक्त सरकारी आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, त्याला जागा नाही.

माझं स्वतःचं संशोधन सुरू झालं करिअर निवडीवर आणि घसरत घसरत गेलं मदत मागण्यावर. स्पर्धा परीक्षा करणारी पोरं, पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकांत बारा बारा तास बसणारी, ती कोणाकडे मदत मागतात आणि का मागत नाहीत. आणि तिथे मी अडकले भाषेत. डास-२१ नावाची प्रश्नावली आहे, जगभर वापरतात, २१ वाक्यं, सात नैराश्याची, सात चिंतेची, सात ताणाची. त्यातलं एक वाक्य ‘आय फेल्ट डाऊनहार्टेड अँड ब्ल्यू’. इंग्रजीत ‘ब्ल्यू’ म्हणजे खिन्नही. आता याचं मराठी करा. एका विद्यार्थ्याने मोबाईलवरून भाषांतर करून आणलं तर त्यात चक्क निळं वाटणं होतं, आम्ही खूप हसलो, पण मग मी खरंच विचारायला लागले की तुम्ही काय म्हणता. लातूरचा मुलगा म्हणाला, डोकं बधिर होतंय. दुसरा, जीव रमत नाही. कसंतरी होतंय. अंगात त्राणच नाही. ‘उदास’ हा शब्द एकानेही स्वतःहून वापरला नाही, आणि ‘डिप्रेशन’ तर मित्राची चेष्टा करायला. शब्द बदलला की नंतर परत इंग्रजीत करून बघायचं उलट भाषांतर, थोड्या पोरांवर पायलट चाचणी, विश्वासार्हता, मग मराठी मुलांचे नॉर्म्स, म्हणजे किती गुण म्हणजे किती ताण ते ठरवणं, अशी वर्षं जातात. त्यासाठी फेलोशिप लागते, ती संपली की तासिका, आणि तासिकेवाल्याला रिसर्च ग्रँट मागायची फारशी सोय नाही.

त्यात प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीच्या गुणांची गंमत बघा. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत एका पेपरला सामाजिक शास्त्रात १० गुण. आणि जो मुलगा हॉस्टेलच्या गच्चीवरून खाली आला, म्हणजे जिन्याने आला, त्याच्यासोबत रात्री दीडपर्यंत बसल्याचे शून्य. करिअर काउन्सेलिंगचा उल्लेख आहे, नाही असं नाही, पण तो स्टुडंट क्लब आणि अभ्यास सहलीच्या ओळीत. म्हणून आमच्यातली हुशार पोरं पेपर लिहितात आणि समुपदेशन सोडतात, त्यांचं काय चुकलं सांगा.

तर मागणी अशी. समुपदेशक हे शिक्षकापेक्षा वेगळं, मंजूर पद आकृतिबंधात टाका. त्याने शिकवू नये, मार्क देऊ नयेत, प्राचार्यांच्या केबिनशेजारी बसू नये. लहान कॉलेजांना एक पूर्ण पद परवडत नसेल तर तालुक्यातल्या तीन-चार कॉलेजांत मिळून एक द्या, वार ठरवून, चालेल. त्या पदाला संशोधनाची मुभा द्या, कारण मराठीतलं हे शब्दांचं काम तिथे बसूनच होणार आहे, विद्यापीठाच्या लायब्ररीत नाही. आणि रजिस्टर कुलपात राहील एवढं जीआरमध्ये एका ओळीत लिहा.

पैसे कुठून आणायचे हे मला विचारू नका, पण आज टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आम्ही नोटीस बोर्डावर चिकटवतो आणि आपली जबाबदारी संपली असं समजतो. नंबर चांगला आहे, मी स्वतः पोरांना देते. पण फोन ठेवल्यावर त्या पोराने सकाळी कुणाच्या दारात जायचं?

उत्तर पाठवणार असाल तर कॉलेजच्या पत्त्यावर नको, माझी तिथली ऑर्डर एप्रिलअखेर संपतेय. तिथल्या समुपदेशन कक्षाची किल्ली मी क्लार्ककडे देऊन येणार आहे, ती पुढे कोणाला द्यायची ते त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

आपली,
तासिका तत्त्वावरची मानसशास्त्राची एक मॅडम