हिशेब आधी गावाच्या ग्रुपवर टाका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका छोट्या ग्रामविकास संस्थेचे हिशेब मी अकरा वर्षं सांभाळतो आहे. संस्थांनी सोशल मीडिया कसा वापरावा, यावर हल्ली पुष्कळ कार्यशाळा होतात. मीही तीन केल्या. पोस्ट किती वाजता टाकावी, फोटोत चेहरा कसा असावा, देणगीदाराला टॅग कसं करावं, हे सगळं शिकलो. मात्र ज्यांच्या नावावर हा पैसा येतो त्या लोकांना काय कळवायचं, हा विषय तिन्ही वेळा निघाला नाही. म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीच्या सीएसआर निधीतून, म्हणजे समाजकामासाठी राखलेल्या पैशातून, आमच्या भागातल्या एका पाझर तलावातला गाळ काढला. पोकलेनचा खर्च कंपनीचा आणि गाळ वाहून न्यायचा खर्च शेतकऱ्याचा, अशी वाटणी होती. ड्रोन उडवून चित्रीकरण झालं, पोस्ट झाली, शेकडो लोकांनी ती पाहिली. पुढच्या वर्षी कंपनीच्या इंग्रजी अहवालात आमच्या गावाची सगळी लोकसंख्या ‘लाभार्थी’ म्हणून छापून आली. प्रत्यक्षात गाळ गेला तो ज्यांच्या घरी ट्रॅक्टर होता किंवा ज्यांना भाडं परवडलं त्यांच्या रानात. माळावरच्या दोन-तीन एकरवाल्यांना, ज्यांच्या मुरमाड जमिनीला त्याची खरी गरज होती, त्यांना एक ट्रॉलीही मिळाली नाही. तो आकडा मीच भरून दिला होता. तक्त्यात एकच रकाना होता आणि पाठवायची शेवटची तारीख उलटत होती. आजही त्याचं मला वाईट वाटतं.

हे अहवाल आता केवळ हौसेचे राहिलेले नाहीत. शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्यानं पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या ‘बीआरएसआर’ नमुन्यात शाश्वततेचा, म्हणजे पर्यावरण आणि समाजाप्रती जबाबदारीचा, अहवाल द्यावाच लागतो. त्याची नऊ तत्त्वं आहेत. आठवं सर्वसमावेशक विकासाचं, म्हणजे आमच्यासारख्या गावांचं. स्थानिक लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची काय व्यवस्था आहे, हा त्यातला प्रश्न सक्तीच्या भागात आहे. आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्र सरकारनं निवडलेल्या, जिल्ह्यांत सीएसआरचा किती पैसा खर्च केला, हेही विचारलं आहे, पण ते ऐच्छिक भागात. आपल्या राज्यात नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि आमचा धाराशिव असे चार आकांक्षित जिल्हे आहेत. तक्रारीच्या प्रश्नापुढे बहुतेकदा एखादा ई-मेल पत्ता दिलेला असतो. आमच्या तलावाच्या कामाचा तसा पत्ता मी गावात विचारून पाहिला. सरपंचांनाही ठाऊक नव्हता.

कामाचा खरा परिणाम तपासायला कोणी येईल म्हणावं, तर स्वतंत्र मूल्यमापनाची सक्ती मोठ्या कंपन्यांच्या 1 कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांनाच आहे. गावतळं, शाळेची खोली, बोअरचं पुनर्भरण ही कामं त्यात बसतच नाहीत. तिथं तपासणारं गावच.

गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या तलावाचं काम निघालं, तेव्हा आम्ही रोज संध्याकाळी नोंदवहीच्या पानाचा फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला लागलो. पोकलेन किती तास चालली, डिझेल किती लागलं, कोणाच्या रानात किती खेपा पडल्या. तिसऱ्याच दिवशी एका शेतकऱ्यानं लिहिलं, ‘माझ्या नावावर 40 खेपा आहेत, रानात 26 च आल्या.’ चौकशी केली. चालकानं बांधाशेजारच्या रानातल्या खेपा त्याच्याच नावावर घातल्या होत्या. नोंद दुरुस्त केली आणि दुरुस्तीचाही फोटो टाकला. माळावरच्या पाच जणांनी मिळून ट्रॅक्टर ठरवला, तोही ग्रुपवरच्या बोलण्यातूनच. ज्यांच्याकडे फोन नाही, आणि त्यात बायका जास्त आहेत, त्यांच्यासाठी दर शनिवारी पारावर पानं वाचून दाखवली. ग्रुप पुरेसा आहे असं कोणी समजू नये. अकुशल कामावरच्या बाया पारावर जे बोलल्या, ते ग्रुपवर कधीच आलं नसतं.

फोटोंबद्दलही सांगायला हवं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीला एका संस्थेनं शिलाई मशीन दिलं आणि डोक्यावरचा पदर सावरत उभ्या असलेल्या त्या ताईंचा फोटो नाव-गावासह टाकला. मशीन केव्हाच बिघडलं, फोटो अजून फिरतो आहे. त्यांची मुलगी लातूरला शिकायला गेली, तिथं वर्गातल्या कोणीतरी तो तिला दाखवला. ‘मला विचारलं असतं तर मी मशीनचा काढू दिला असता, माझा नाही,’ एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही आता फोटो टाकण्याआधी तो त्याच माणसाला दाखवतो, तो कुठं दिसणार हे मराठीत सांगतो, आणि नको म्हटलं तर पुसतो. मदत स्वीकारणाऱ्या माणसाला त्याच क्षणी ‘नाही’ म्हणणं अवघड जातं, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा विचारतो.

परिषदांनाही हेच लागू आहे. पुण्यातल्या एका परिषदेत मी आमच्या तलावावर पंधरा मिनिटं बोललो. सभागृहातून भराभर पोस्टी जात होत्या, पण ज्यांच्याबद्दल बोललो त्यांच्यापर्यंत एकही नाही. परतीच्या एसटीत बसून काय बोललो ते रेकॉर्ड करून ग्रुपवर पाठवलं. सकाळपर्यंत त्यात दोन चुका निघाल्या होत्या.

माझी कंपन्यांना आणि सेबीला विनंती आहे. कामाच्या करारातच दोन पानी मराठी हिशेबाची अट घाला, तो ग्रामसभेत वाचला गेल्याशिवाय ‘लाभार्थी’ हा रकाना भरू नका, आणि तक्रारीसाठी चालू फोन नंबर असलेला फलक कामाच्या जागी लावा. संस्थांच्या मित्रांनाही सांगणं आहे, की देणगीदाराला पाठवायचा आकडा आदल्या दिवशी गावाच्या ग्रुपवर टाका.

येत्या एप्रिलमध्ये आमचं तिसऱ्या तलावाचं काम सुरू होईल. या वेळी पोकलेन येण्याआधी फलक उभा राहील, आणि माळावरच्या शेतकऱ्यांची नावं यादीत पहिली असतील.

आपला नम्र,
एका ग्रामविकास संस्थेचा हिशेबनीस,
जि. धाराशिव