खंजिरी वॉर्डात न्या, हार-नारळ बाहेर ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या खेड्यापाड्यांतली कर्करोगाची मुले उपचारासाठी नागपूरला, सेवाग्रामला महिनोन्‌महिने राहतात. त्यांच्यासाठी 'संगीताचा कार्यक्रम' करायचे ठरले की माइक येतो, पाहुणे येतात, हारतुरे होतात, फोटो निघतात आणि दोन तासांत सगळे आवरते. असे कार्यक्रम थांबवावेत आणि तीच मेहनत दर आठवड्याच्या कार्यशाळेवर घालावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे. ती कार्यशाळा मुलाच्या गावच्या शाळेतही चालली पाहिजे.

शाळेत का? मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. पहिले काही महिने कडक जातात. पुढे बरीचशी औषधे घरी राहून घेता येतात आणि डॉक्टरांच्या परवानगीने मूल शाळेतही जाऊ शकते. पण तोवर वर्ग पुढे गेलेला असतो, डोक्यावरचे केस गेलेले असतात आणि 'त्याच्याजवळ बसू नको' असे कुणीतरी घरून सांगून पाठवलेले असते. कर्करोग संसर्गाने पसरत नाही, हे वर्गाला स्पष्ट शब्दांत सांगावेच लागते. त्याखेरीज, वर्गाला येणारे गाणे त्या मुलालाही येत असले तर परतीच्या दिवशी बोलायला काहीतरी असते. संगीताने गाठ विरघळत नाही. भीती आणि वेदनेचा त्रास कमी व्हायला मदत होते, तेवढेच सांगावे.

यासाठी खंजिरीइतके सोयीचे दुसरे वाद्य नाही. तुकडोजी महाराजांच्या या मुलखात गावोगावी भजनी मंडळे आहेत, शिकवणारे हात तयार आहेत. शिवाय भजनाची चालच अशी की एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी मागे म्हणायचे. वॉर्ड आणि शाळा फोनवर जोडताना हे फार उपयोगी पडते. फोनवर आवाज जरा उशिरा पोचतो, त्यामुळे दोन्हीकडच्यांनी एकदम गायले तर नुसता गोंधळ होतो. वॉर्डातल्या मुलाने मुखडा म्हणावा, तो संपल्यावर वर्गाने उचलावा. आणखी एक अडचण खंजिरीचीच. फोन मागचा गलका गाळतो, त्यात खंजिरीही गाळली जाते. म्हणून ठेका आधी रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवावा, चालू कॉलवर फक्त गाणे ठेवावे.

एका वेळी सहा ते आठ मुले आणि चाळीस मिनिटे पुरेत. पाच मिनिटे तोंड मिटून गुणगुणणे, मग दहा मिनिटे केरवा ताल. सुरुवातीला 'धा गे ना ती' एवढ्या चारच मात्रा, मांडीवर हलक्या थापेने; त्या बसल्या की पुढच्या चार. उरलेला वेळ गाण्याला, मध्ये पाणी प्यायला थांबून. काळी चार ही पट्टी मुलांना सोयीची, पण थकलेल्या मुलाला पंचमाच्या वर नेऊ नये. औषधांनी तोंड आले असेल तर त्याला गायचा आग्रह करू नये, ठेका द्यावा.

सगळ्यात जास्त चुका वाद्यांच्या बाबतीत होतात. शाळेची पेटी पावसाळाभर कपाटात असते. भाता हलवला की आतली धूळ आणि बुरशी थेट समोरच्या मुलाच्या तोंडावर येते, आणि रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटलेल्या मुलाला ही बुरशी फुफ्फुसात जाऊन जिवावर बेतू शकते. पेटी कारागिराकडून उघडून साफ करून घ्यावी. कुबट वास येत असेल तर नेऊच नये, मोबाइलवरचा तंबोरा चालतो. स्वरपट्ट्या ७० टक्के स्पिरिटने पुसाव्यात, मात्र लाकडाच्या पॉलिशला स्पिरिट लावू नये, चट्टे पडतात. कातड्याची खंजिरी स्पिरिटने कोरडी पडून तडकते आणि झडीच्या दिवसांत सैल होते, म्हणून वॉर्डासाठी प्लास्टिकच्या पडद्याची घ्यावी. एका मुलाला एकच, दुसऱ्याच्या हाती देण्याआधी पुसलेली. बासरी, शिट्टी, तोंडाला लावायचे काहीही वाटून वापरू नये.

पांढऱ्या पेशी साधारणपणे औषधानंतर सात ते चौदा दिवसांत सर्वांत खाली जातात. त्या दिवसांत गटात बसवायचे की नाही, हे दर वेळी परिचारिकेला विचारावे. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, कमी असतील तर जोराच्या थापेने तळहातावर जांभळे डाग पडतात. अशा वेळी खंजिरी नुसती हलवावी. व्हिन्क्रिस्टीन या कर्करोगाच्या औषधाने बोटांतली ताकद कमी होते, मुलाच्या हातून वाद्य निसटते. त्याला 'नीट धर' म्हणून टोकू नये, मनगटाला घुंगरांची पट्टी बांधावी, पण नळी असलेल्या हाताला नव्हे. छातीत पोर्ट, म्हणजे औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी, असेल तर ढोलकीचा पट्टा गळ्यात नको. हाडाच्या कर्करोगात लेझीम अजिबात नको, त्या मुलाने बसून बोल द्यावेत. कानावर परिणाम करू शकणारे सिस्प्लॅटिन हे औषध घेतलेल्या मुलाला टाळाची बारीक किणकिण ऐकू येत नसेल, तर ते लक्ष देत नाही असे वाटते. तसे दिसले तर डॉक्टरांना सांगून कानाची तपासणी करून घ्यावी.

हार, गुलदस्ते, कापलेली फळे, फोडलेला नारळ हे सगळे दाराबाहेर. ताज्या फुलांवर आणि कुंडीतल्या मातीत बुरशी असते. मुलाचा फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नये, आणि मूल नको म्हणाले तर पालकांच्या होकारालाही अर्थ नाही.

शाळेत 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आहेच, त्यातला अर्धा-पाऊण तास यासाठी सहज निघतो. मूल वर्गात परतल्यावर मुख्याध्यापकांनी एक काम चुकवू नये. वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाला की या मुलाच्या पालकांना त्याच दिवशी फोन करावा. अंगावर पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच कांजिण्या पसरतात, आणि संपर्क आल्यावर द्यायचे औषध वेळेत पोचले तरच उपयोगी पडते. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर गावातली गोळी देऊन वाट पाहू नये. तासाभरात ज्या रुग्णालयात उपचार चालू आहेत तिथे फोन करून निघावे, खंजिरी पुढच्या शनिवारी.

आपले,
एक शालेय संगीत शिक्षक आणि बालकर्करोग विभागातील एक परिचारिका
ता. आर्वी, जि. वर्धा