पगाराचं काम आणि फुकटचं काम

ती. आई-बाबांना नमस्कार,

फोनवर हे बोलायला घेतलं की आई "जेवलीस का" वर येते आणि विषय तिथंच संपतो, म्हणून लिहूनच पाठवते.

बाबा, तुम्ही म्हणालात पगार मिळतोय ना, मग सुट्टीत फुकटचं काय करायलीस? अहो ते तुमच्याच लाइनीतलं काम आहे. नव्या पेठेतल्या दुकानात तुम्ही लग्नपत्रिका ज्या जुन्या फॉन्टात टाइप करायचात, ती फाइल आज मोबाइलवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, माझा प्रोग्राम त्याचं युनिकोड, म्हणजे कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर नीट दिसणारी मराठी करतो. ऐकायला सोपं आहे. पण जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, युनिकोडात ती अक्षरानंतर साठवली जाते, आणि रफाराचं बरोब्बर उलटं, 'सूर्य' लिहिताना तुम्ही य मारून मग रफार द्यायचात, इथं र् आधी लागतो, त्यात जोडाक्षर आणि वर अनुस्वार आला की संपलंच. कुणीही वापरावं, बदलावं म्हणून मी ते एमआयटी लायसन्स लावून गिटहब या प्रोग्रामचा कोड ठेवायच्या साइटवर ठेवलंय. पैसे नाहीत, खरंय.

नोकरी सोडत नाहीये, घाबरू नका. आणि नोकरीला धक्काही नाही. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर मालकाचा, असं १९५७ च्या कायद्यात आहे, आणि कंपन्यांचे करार कधीकधी त्याहून लांब हात घालतात. म्हणून मी मॅनेजर आणि एचआरकडून ईमेलवर परवानगी घेतली, त्यासाठी लॅपटॉप माझा स्वतःचा, ऑफिसच्या वेळेत त्याला हात लावत नाही.

या कामापायी मी थकून जाईन ही आईची काळजी मात्र मला पटते. २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं प्रकरण झालं, कितीतरी लिनक्स सर्व्हर तो वापरतात आणि वर्षानुवर्षं सांभाळणारा माणूस मुख्यतः एकच, तोही बिनपगारी. थकलेला होता, लोक वरून मागे लागलेले, तेव्हा मदतीला म्हणून आलेल्या एकानं विश्वास कमावून आत चोरवाट घुसवली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे एका इंजिनिअरनं खणून काढलं म्हणून सापडलं, नाहीतर अवघड होतं. त्यामुळे शनिवारची सकाळ प्रोजेक्टची, बाकी दिवस कुणी कितीही 'अर्जंट' लिहू दे, उत्तर शनिवारीच. रात्री झोपते गं आई.

बाबा, दुकानातल्या जुन्या सीडी टाकल्या नसतील तर शोधून ठेवा ना, टेस्टिंगला खरा मजकूर लागतो. लोकांची नावं-पत्ते कुठंही टाकणार नाही. गड्ड्याच्या जत्रेला येते तेव्हा नेते. आणि आई, शेंगाचटणी जरा जास्तच कुट, ऑफिसातले डबा उघडायची वाट बघत असतात.

तुमची,
ताई