तिसऱ्यांच्या विषाची तपासणी सुरू करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी निवृत्त परिचारिका. नोकरी बहुतेक सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या गावांत झाली. तिसऱ्या, कालवं अशा शिंपल्या खाऊन बाधलं म्हणून पेशंट यायचे. उलट्या, जुलाब, सलाईन, दुसऱ्या दिवशी घरी. पण शिंपल्यांतून होणारी एक विषबाधा याहून फार वेगळी आहे आणि तिच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही.

केरळात विळिंजमला १९९७ साली शिनाणे नावाच्या शिंपल्या खाऊन सात माणसं दगावली, पाचशेहून जास्त रुग्णालयात गेली. त्याआधी १९८१ मध्ये तामिळनाडूत तिसऱ्या खाऊन तिघांचा जीव गेला. १९८३ मध्ये मंगळूरजवळही असंच घडलं. मंगळूर आपल्यापासून किती लांब?

शिंपल्या पाणी गाळून खातात. समुद्रात विषारी सूक्ष्म शेवाळ वाढलं, की त्यातलं सॅक्सिटॉक्सिन हे विष त्यांच्या मांसात साठतं. शिंपली जिवंत, ताजी, चवीलाही नेहमीसारखीच. उकडल्यावर तोंड उघडलं म्हणजे चांगली, हा आपला भरवसा इथे चालत नाही. शिजवून हे विष जात नाही, कोकमाच्या आंबटाने तर नाहीच. उलट ते उकडलेल्या पाण्यात उतरतं, आणि तेच पाणी आपण कालवणात घालतो. या शेवाळाने समुद्र लाल दिसला तरच धोका, असंही नाही.

आधी ओठांना, जिभेला मुंग्या येतात, मग बोटं बधिर होतात, हातपाय लुळे पडतात. माणूस शुद्धीवर असतो, पण श्वास थांबू शकतो. यावर उतारा नाही. विष ओसरेपर्यंत यंत्राने श्वास चालू ठेवला तर माणूस वाचतो. म्हणून आयाबायांना माझी विनवणी आहे: शिंपल्या खाऊन ओठ बधिर वाटले तर पित्त समजून थांबू नका. व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात लगेच न्या आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगा.

कॅलिफोर्नियात मे ते ऑक्टोबर किनाऱ्यावरचे शिनाणे खाण्यासाठी काढायला दरवर्षी बंदी असते. सरसकट बंदी मी मागत नाही. ओहोटीला चिखलात उतरणाऱ्या बायकांची चूल त्यावर पेटते. मत्स्यव्यवसाय विभाग आणि अन्न व औषध प्रशासनाने खाड्यांतले नमुने नियमित तपासावेत. शिंपल्यांच्या मांसात या विषाने किलोमागे ८०० मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडली तर त्या खाडीपुरती, तेवढ्या दिवसांपुरती बंदी घालावी, ती गावात दवंडी देऊन कळवावी आणि त्या दिवसांची भरपाई या बायकांच्या हातात द्यावी.

– एक निवृत्त परिचारिका, देवगड